आधी सुई, मग मार्कर

लिव्हर सिरोसिसच्या रुग्णाच्या पोटातल्या पाण्यात जंतू शिरलेत की नाही, हे कळायला आता पोटात सुई घालण्याची गरज उरणार नाही, एखादा ‘बायोमार्कर’ ते सांगेल, असा सूर गेली काही वर्षं वैद्यकीय परिषदांत आणि वॉर्डातल्या गप्पांत लागलेला आहे. प्रोकॅल्सिटोनिन, कॅल्प्रोटेक्टिन, लॅक्टोफेरिन, इंटरल्युकिन-६ ही त्यातली ठळक नावं. तरुण डॉक्टरांना हे ऐकायला बरं वाटतं, नातेवाइकांना त्याहून बरं वाटतं. मला हा दावा चुकीचा वाटतो. तो फक्त कागदावर चुकीचा असता तर लिहायची गरज नव्हती. पण त्याच्यामुळे सुई उशिरा लागते, आणि हा आजार उशीर खपवून घेत नाही.

सिरोसिसमध्ये यकृत निबर होतं, पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि पोटाच्या पोकळीत पाणी साठतं; हाच जलोदर. आतड्यातले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय किंवा क्लेबसिएला, आतड्याची भिंत ओलांडून त्या पाण्यात पोचतात. आतडं फुटलेलं नसतं, अपेंडिक्स सुजलेलं नसतं, तरी पाणी बाधित होतं. अमेरिकेत हॅरॉल्ड कॉन यांनी १९६४ साली या अवस्थेचं सविस्तर वर्णन केलं आणि ‘स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस’ हे नाव रूढ झालं; वॉर्डात सगळे एसबीपी म्हणतात. सुरुवातीच्या नोंदींमध्ये दहातले नऊ रुग्ण दगावत. आज लवकर निदान आणि उपचार झाले तर हे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास येतं. हा फरक कुठल्याही मार्करने पाडलेला नाही. लवकर पाणी काढणं, त्यातल्या पेशी मोजणं, योग्य अँटिबायोटिक देणं आणि पुढे अल्ब्युमिनची जोड, यांनी तो पाडला.

निदानाची कसोटी साधी आहे. पोटातल्या पाण्याच्या एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी २५० किंवा त्याहून जास्त असतील तर एसबीपी समजायचं आणि कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. कल्चरची वाट पाहायची नाही, कारण नेहमीच्या पद्धतीने केलेलं कल्चर निम्म्याहून अधिक रुग्णांत काहीच दाखवत नाही. भरती होणाऱ्या जलोदराच्या रुग्णांपैकी साधारण दहातल्या एकाला हा संसर्ग असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ना ताप असतो ना पोटदुखी. कुणी नुसता गुंगीत जातो, कुणाचं क्रिएटिनिन वाढतं, कुणाला काहीच होत नाही. म्हणून जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जलोदराचा रुग्ण भरती झाला की लक्षणं असोत वा नसोत, पाणी तपासा.

आता या नव्या मार्करांची यादी नीट पाहा. कॅल्प्रोटेक्टिन आणि लॅक्टोफेरिन ही दोन्ही प्रथिनं एसबीपीच्या निदानासाठी मोजायची ती पोटातल्या पाण्यात. म्हणजे सुई घालावीच लागते. सुई टाळण्याचं आश्वासन इथेच निम्मं गळून पडतं. पाणी हातात आलं, तर त्यातला एक थेंब मोजणीच्या काचेवर टाकायचा की किटची खोकी उघडायची, एवढाच प्रश्न उरतो. शिवाय ही प्रथिनं येतात कुठून? न्यूट्रोफिल पेशींमधूनच. पेशी समोर असताना पेशीतून गळलेलं प्रथिन मोजून पेशींचा अंदाज बांधायचा, याला मराठीत ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ म्हणतात.

इथे अभ्यासांच्या रचनेतली एक गोष्ट नेहमी नजरेआड केली जाते. या मार्करांची परीक्षा कशाशी ताडून घेतली जाते? २५० पेशींच्या मोजणीशी. मोजणी आणि मार्कर यांचं जमलं नाही तर चूक मार्करची धरली जाते. अशा परीक्षेत मार्करला मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण म्हणजे मोजणीइतके. त्याहून जास्त मिळूच शकत नाहीत. तरीही निष्कर्षात ‘मोजणीला समर्थ पर्याय’ असं लिहून येतं आणि पुढच्या व्याख्यानात त्याचं ‘मोजणीपेक्षा सरस’ होतं. सरस आहे असं म्हणायचं तर रुग्णांचे दोन गट करून, एकाचे निर्णय मार्करवर आणि दुसऱ्याचे मोजणीवर सोपवून, कोणत्या गटात मृत्यू कमी झाले आणि मूत्रपिंडं वाचली हे दाखवावं लागेल. अचूकतेचा अभ्यास हे दाखवत नाही, कितीही सुबक आलेख काढला तरी.

आकड्यांचंही तसंच. लॅक्टोफेरिनवर २००८ साली क्लीव्हलँडहून प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात फार उद्धृत होतो. १४८ रुग्णांचे २१८ नमुने, संवेदनशीलता (बाधितांना पकडण्याचं प्रमाण) ९५.५ टक्के, विशिष्टता (बाधित नसलेल्यांना वगळण्याचं प्रमाण) ९७ टक्के. छाती दडपवणारे आकडे. पण त्या २१८ नमुन्यांत एसबीपीचे नमुने होते २२. ९५.५ टक्के म्हणजे २२ पैकी २१. आणखी दोन नमुने हुकले असते तर हाच आकडा ८६ वर आला असता. २२ पैकी २१ या निकालावरून संख्याशास्त्र फार तर इतकं सांगतं की खरी संवेदनशीलता ७७ पासून जवळजवळ १०० पर्यंत कुठेही असू शकते. संशोधकांचा दोष नाही, त्यांनी आकडे उघड मांडले आहेत. दोष आहे तो ‘९५ टक्के’ एवढंच लक्षात ठेवून पुढे सांगणाऱ्यांचा.

मोठ्या अभ्यासात उतरल्यावर काय होऊ शकतं, याचं उदाहरण लघवी तपासण्याच्या पट्टीचं आहे. पांढऱ्या पेशींमधलं एस्टरेज ओळखून रंग बदलणारी ही पट्टी पोटातल्या पाण्यात बुडवली की दोन मिनिटांत निदान, असे लहान-लहान अभ्यास एकामागून एक आले आणि बहुतेकांचे निकाल उत्साहवर्धक होते. मग फ्रान्समध्ये अनेक केंद्रांनी मिळून १,०४१ रुग्णांचे २,१२३ नमुने तपासले. निकाल २००७ साली आला. एसबीपीचे नमुने ११७. पट्टीने पकडले ४५.३ टक्के, म्हणजे ५३. उरलेले ६४ ‘ठीक’ म्हणून सुटले असते. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी या पट्ट्यांची शिफारस केली नाही, ती उगाच नव्हे.

आता रक्तातले मार्कर. इथे सुई खरोखर टळते, दंडातून रक्त घेतलं की झालं. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. ज्याचं यकृतच थकलेलं आहे त्याच्या रक्तात ते संसर्ग असूनही पुरेसं चढेल याचा भरवसा नाही, आणि संसर्ग नसतानाही सिरोसिसमध्ये ते थोडं वाढलेलं असतंच. प्रोकॅल्सिटोनिन त्यामानाने बरं, हे मान्य. पण ते चढलं तर एवढंच कळतं की शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग असावा. फुप्फुसात, लघवीत, कातडीखाली की पोटात, हे ते सांगत नाही. सिरोसिसच्या रुग्णाला या चारही ठिकाणी संसर्ग होऊ शकतो, कधी दोन ठिकाणी एकदम.

वॉर्डातला हिशेब करून पाहू. समजा रक्तातल्या एखाद्या मार्करची संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के आहे. रक्ताच्या चाचणीसाठी हे काही वाईट आकडे नाहीत. जलोदराचे १०० रुग्ण भरती झाले, त्यांतल्या दहांना एसबीपी आहे. मार्कर आठ पकडेल, दोन सोडेल. उरलेल्या ९० पैकी तेरा-चौदा जणांत तो विनाकारण घंटा वाजवेल. ज्या एकवीस-बावीस जणांत घंटा वाजली त्यांचं पाणी काढावंच लागेल, कारण संसर्ग पोटातच आहे का आणि जंतू कोणता, हे पाण्यावाचून कळणार नाही. आणि ज्यांच्यात वाजली नाही त्या अठ्ठ्याहत्तर जणांत दोन बाधित दडलेले आहेत. ते कोण हेही पाण्यावाचून कळणार नाही. मग मार्करने बदललं काय? एक बिल वाढलं आणि अहवाल येईपर्यंतचे काही तास गेले.

हे तास स्वस्त नाहीत. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतल्या एसबीपीच्या २३९ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. भरती झाल्यापासून १२ तासांच्या आत ज्यांचं पाणी काढलं त्यांच्यात रुग्णालयातले मृत्यू १३ टक्के, १२ ते ७२ तासांनी ज्यांचं काढलं त्यांच्यात २७ टक्के. उशिराच्या प्रत्येक तासागणिक मृत्यूची शक्यता ३.३ टक्क्यांनी वाढत गेली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या १७,७११ भरती-नोंदींचा आढावा आला: जलोदर असूनही पाणी काढलं गेलं ते फक्त ६१ टक्के जणांचं, आणि ज्यांचं काढलं त्यांच्यात मृत्यू ६.५ टक्के, ज्यांचं नाही त्यांच्यात ८.५ टक्के. हे निरीक्षणातले आकडे आहेत, प्रयोगातले नव्हेत, हा आक्षेप मला ठाऊक आहे. जिथे सुई लवकर लागते तिथे बाकीची काळजीही चोख असू शकते. पण हा आक्षेप घेऊन कुणी सुई पुढे ढकलावी असं म्हणत असेल, तर सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर आहे. शिवाय दुसऱ्या आकड्यात आपल्याला हवी ती कबुली आहे: अमेरिकेसारख्या देशात, जिथे प्रयोगशाळा रात्रभर चालू असतात, तिथेही दहातल्या चौघांना सुई लागलीच नाही. अडचण चाचणीच्या तुटवड्याची नाही.

अडचण भीतीची आहे. रक्त गोठण्याची चाचणी, म्हणजे आयएनआर, दोनच्या वर, प्लेटलेट चाळीस हजार, एवढं वाचलं की रेसिडेंटचा हात थबकतो. मग एफएफपीच्या (गोठवलेल्या प्लाझ्माच्या) पिशव्या मागवल्या जातात, त्या चढेपर्यंत संध्याकाळ होते, आणि टॅप, म्हणजे सुईने पाणी काढणं, ‘उद्या राउंडनंतर’ जातो. या भीतीला पुरावा उत्तर देऊन चुकला आहे. ब्रूस रनियन यांनी १९८६ सालीच १२५ रुग्णांतल्या २२९ टॅपची नोंद मांडली. बहुतेकांची रक्त गोठण्याची चाचणी बिघडलेली होती; रक्त द्यावं लागेल इतका रक्तस्राव झाला तो दोनदा, पोटाच्या भिंतीत, आणि मृत्यू एकही नाही. मेयो क्लिनिकने २००४ साली ६२८ रुग्णांतल्या १,१०० टॅपची नोंद दिली. आयएनआर ८.७ पर्यंत, प्लेटलेट १९ हजारांपर्यंत खाली, आणि सुई घालणारे डॉक्टरही नव्हते, प्रशिक्षित सहायक होते. लक्षणीय गुंतागुंत एकही नाही. सिरोसिसमध्ये गोठवणारे घटक कमी होतात तसे गोठणं रोखणारेही कमी होतात. आयएनआर पहिलीच बाजू दाखवतो. रक्तस्रावाचा धोका त्याच्यावरून मोजायचा नसतो.

नातेवाइकांची भीती वेगळी असते. ‘पोटातलं पाणी काढलं की माणूस फार दिवस राहत नाही’ हे वाक्य कोकणापासून विदर्भापर्यंत कुठल्याही वॉर्डात ऐकू येतं. लोकांनी पाहिलेलं खोटं नसतं, त्यांनी लावलेला कार्यकारणभाव उलटा असतो: पाणी काढायला घेतलं तेव्हा वेळ टळून गेलेली असते. (जाता जाता: जलोदरात नाभीखाली डाव्या बाजूला वेध घेऊन नळीने थोडं थोडं पाणी काढायचं, एकदम सगळं नाही, असं सुश्रुतसंहितेत सांगितलेलं आहे. आजही टॅपसाठी डाव्या खालच्या बाजूलाच पसंती असते. सुई ही काही पाश्चात्त्य डॉक्टरांची हौस नव्हे.) अशा घरच्यांना ‘रक्ताची एक नवीन तपासणी आहे, त्यावर बघू’ असं सांगणं हा डॉक्टरच्या दृष्टीने सोपा मार्ग आहे. म्हणूनच मला तो धोक्याचा वाटतो. मार्कर इथे निदानाचं साधन राहत नाही, संकोच झाकायचं निमित्त होतो.

मार्करवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. रात्री दोन वाजता जिल्ह्याच्या ठिकाणी पेशी मोजणार कोण? मोजणी माणसाने करायची, तर दोन माणसांच्या आकड्यांत फरक पडतो. नमुना तसाच पडून राहिला तर न्यूट्रोफिल विरघळू लागतात आणि आकडा खोटाच कमी येतो. सगळं खरं. पण मणक्यातलं पाणी रात्री दोन वाजता आलं तर तोच तंत्रज्ञ ते लगेच मोजतो की नाही? मेंदुज्वराचा नमुना सकाळपर्यंत ठेवायची कुणाची छाती होत नाही, पोटातल्या पाण्याची बाटली मात्र फ्रिजवर राहते. पेशी मोजायचं न्यूबॉअर चेंबर तेच, सूक्ष्मदर्शक तोच. जिथे मलेरियाची काच वाचली जाते आणि पांढऱ्या पेशी मोजल्या जातात, तिथे हे पाणीही मोजता येतं. नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत पाठवला, अर्जावर ‘तातडीचं’ असं लिहिलं आणि लॅबला फोन केला, तर तासाभरात आकडा मिळतो. रक्ताच्या पेशी मोजणारी स्वयंचलित यंत्रंही या पाण्यासाठी बऱ्यापैकी विश्वासाने वापरता येतात. कमतरता असेल तर ती प्राधान्यक्रमाची, आणि ती कुठल्याही किटने भरून निघणार नाही. जो तंत्रज्ञ रात्री पेशी मोजायला हजर नाही, तो कॅल्प्रोटेक्टिनचं किट चालवायला तरी कुठून येणार?

पट्टीला मी पूर्ण नाकारत नाही. मुद्दाम पोटातल्या पाण्यासाठी, जास्त संवेदनशील करून बनवलेल्या पट्ट्या आता आहेत. दर पंधरवड्याला येऊन पाणी काढून घेणारे, अंगात ताप नसलेले, बाहेरून चालत येणारे रुग्ण असतात. त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण दीड ते साडेतीन टक्के. तिथे अशी पट्टी ‘नाही’ म्हणाली तर रुग्णाला घरी सोडायला हरकत नाही. पण लक्षात घ्या, इथेही पाणी काढलेलंच आहे.

मार्कर म्हटलं की नाक मुरडावं असंही नाही. आपल्याकडे पोटातल्या पाण्यात एडीए हा मार्कर पाहतात, क्षयासाठी. पोटाच्या क्षयात पाण्याच्या काचेवर जंतू क्वचितच दिसतो, कल्चरला आठवडे लागतात, पडद्याचा तुकडा काढायचा तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. अशा वेळी एडीएने जागा कमावली, कारण दुसरे मार्ग खरोखर वाईट होते. सिरोसिसमध्ये त्याचीही धार बोथट होते, तरी तो उपयोगी आहे. एसबीपीत मात्र समोर आहे ती तासाभराची, स्वस्त मोजणी. हिला हरवायचं तर एडीएला जे कारण मिळालं तसं कारण हवं.

आणि जंतूचं काय? मार्कर जंतूचं नाव सांगत नाही. जगभरच्या ४६ केंद्रांतल्या १,३०२ रुग्णांचा अभ्यास २०१९ साली आला. सिरोसिसमधल्या संसर्गांत अनेक औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचं प्रमाण जगभरात ३४ टक्के निघालं, आशियात त्याहून जास्त, आणि भारतात धोका विशेष. आपल्याकडे सेफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक डोळे मिटून सुरू करून निर्धास्त राहण्याचे दिवस गेले. म्हणजे आपल्याला कल्चर इतरांपेक्षा जास्त हवं. या पाण्यात जंतू फार विरळ असतात, मिलिलिटरला एखादा-दुसरा. म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, रुग्णाच्या खाटेजवळच, किमान १० मिलिलिटर पाणी रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांत घालायचं. एवढ्याने जंतू सापडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. हे ज्ञान १९८० च्या दशकापासून आहे. किती वॉर्डांत हे होतं, हे ज्याने त्याने आपल्या वॉर्डात पाहावं. अजूनही साध्या नळीत पाणी भरून वॉर्डबॉयबरोबर पाठवलं जातं. जुनी सिद्ध गोष्ट करायची नाही आणि नवी असिद्ध गोष्ट विकत घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

विकत घेण्याचा विषय निघालाच आहे तर खर्चाचंही बोलू. एसबीपीचं निदान झाल्यावर पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचं, हे १९९९ साली स्पेनमधल्या १२६ रुग्णांवरच्या चाचणीने दाखवलं. मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण ३३ वरून १० टक्क्यांवर आलं, रुग्णालयातले मृत्यू २९ वरून १० टक्क्यांवर. साठ किलोच्या माणसाला १५० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या साडेसात बाटल्या, आणि एकेक बाटली हजारोंची. ज्या घराला ही चिठ्ठी हातात घेऊन मेडिकलमध्ये जायचं आहे, त्या घराच्या खिशातून आधी ‘सेप्सिस पॅनेल’चे पैसे काढायचे? प्रोकॅल्सिटोनिनचं बिल पेशींच्या मोजणीच्या कित्येक पट असतं. पैसा मर्यादित असेल तर तो बाटलीवर जावा, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

राहता राहिला उपचार सुरू झाल्यानंतरचा पाठपुरावा. इथे मार्करवाल्यांची बाजू सगळ्यात कमी दुबळी आहे, म्हणून मुद्दाम शेवटी घेतली. अँटिबायोटिक लागू पडतंय का हे पाहायला ४८ तासांनी पुन्हा पाणी काढतात. न्यूट्रोफिल पहिल्या आकड्यापेक्षा निदान २५ टक्क्यांनी उतरले नसतील तर औषध बदलायचं, किंवा आतडं कुठे फुटलंय का ते शोधायचं. रुग्ण शुद्धीवर आला, ताप गेला, लघवी सुटली, तरी दुसऱ्यांदा सुई घालायचीच का, हा प्रश्न रास्त आहे. रक्तातल्या प्रोकॅल्सिटोनिनचा उतरता आलेख तिथे दुसऱ्या सुईची जागा घेऊ शकेल का, हे तपासण्यासारखं आहे. निदान आधीच झालेलं असतं, जंतू बाटलीत वाढत असतो, आणि प्रश्न फक्त दिशेचा असतो. संशोधकांनी आपली शक्ती तिथे लावावी, दोन गटांची चाचणी करावी, मूत्रपिंडं आणि मृत्यू मोजावेत. तो निकाल येईपर्यंत ४८ तासांनी दुसरा टॅप, आणि पहिला टॅप भरती झाल्यापासून बारा तासांच्या आत, आयएनआर काहीही असो.